स्टेपनी दारावर ठेवू की बंपरवर? मोठ्या टायरसाठी कॅरिअर निवडायचाय (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची थार, डिझेल, हार्डटॉप. तीन वर्षं कंपनीच्या २५५/६५ आर १८ टायरवर चालवली, मागच्या दाराने कधी कुरकुर केली नाही. मागच्या दिवाळीत मी २८५/७० आर १७ चे मड टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर घातले, तेही लोखंडी रिमवर. रानात एक चाक वेगळ्या मापाचं नको म्हणून स्टेपनीही तीच घेतली. ती जुन्याच जागी, मागच्या दारावर लावली. टायर रुंद, दाराला घासायला लागला, म्हणून मध्ये जाड स्पेसर टाकून घेतला.

पावसाळा सरल्यावर गाडी धूत होतो. वरच्या बिजागरीच्या कडेला दाराच्या पत्र्यावर केसाएवढी रेघ दिसली. चिखलाचा ओरखडा असेल म्हणून फडकं मारलं, गेली नाही. नख फिरवलं तर नख अडकलं. रंग तडकला होता. मग लक्षात आलं की गेले दोन महिने दार लावताना शेवटच्या दोन बोटांवर ते जरा उचलून लावावं लागत होतं आणि आम्हाला सगळ्यांना त्याची सवय झाली होती. दोष गाडीचा नाही, वजन मी वाढवलं. भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं घातली: जुनं २८ किलो, नवं ३९.

आता तीन वाटा दिसतात. दाराला आतून मजबुती देऊन स्टेपनी तिथेच ठेवायची, किंवा बंपरवर फिरत्या हाताचा कॅरिअर, म्हणजे स्विंग-आउट बसवायचा, नाहीतर सरळ छतावर टाकायची.

वापर असा: रोज नाशिक ते दिंडोरीजवळचा मळा. महिन्यातून एखादी खेप वाघेरा घाट, हरसूलकडे. पावसात पहिने आणि वैतरणा. हिवाळ्यात एकदा साल्हेर. गाडी बायको आणि वडीलही चालवतात, त्यामुळे मागचं दार दिवसातून पाच-सहा वेळा उघडतं. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी लिहा, मला घाई नाही.

बागलाणकर

छत नको. साल्हेरच्या बाजूला आडव्या उताराच्या गाडीवाटा किती आहेत तुम्हाला माहीत आहेच. एक चाक बांधावर, एक चाकोरीत, अशा वेळी ४० किलो डोक्यावर असले की गाडी कलताना आतड्यात कळतं. मी एक वर्ष ठेवली होती. शिवाय पंक्चर झालं की दोन मीटर उंचीवरून ती उतरवणार कोण? मी आणि भाऊ दोघांनी मिळून उतरवली, तर त्याच्या मनगटाला लचक भरली. दुसऱ्या दिवशी रॅक काढून टाकला.

अंबड फिटर

दादा, रेघ दिसली हे बरं झालं. बरेच जण दार लोंबायला लागल्यावर येतात.

आधी वजन जातं कुठे ते बघू. चाकाचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून साधारण ६० सेंटिमीटरवर येतो. ३९ किलो गुणिले ०.६ म्हणजे २३ च्या वर किलो-मीटरचा पिळा. तो पेलायला दोन बिजागऱ्या, त्यांच्यातलं अंतर समजा ३५ सेंटिमीटर. २३ भागिले ०.३५ केलं की ६६-६७ येतात. म्हणजे दार उघडं, गाडी उभी, अशा वेळी वरच्या बिजागरीला ६६-६७ किलोची ओढ बाहेरच्या बाजूला आणि खालच्या बिजागरीवर तितकाच दाब आतल्या बाजूला. यात दाराचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. म्हणून रेघ वरच्या बिजागरीपाशीच येते, खाली नाही. दार बंद असलं की लॅच थोडा भार घेतं, पण खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. पेठ रोडने एकदा जाऊन आलात की असे शेकडो झटके होतात. स्पेसरने आणखी एक केलं: चाक दारापासून मागे नेलं, म्हणजे प्रत्येक झटक्याला दाराचा पत्रा पुढेमागे वाकतो. तडा ११ किलो जास्त झाले म्हणून जेवढा गेला, तेवढाच त्या स्पेसरमुळेही.

दाराला मजबुती द्यायची तर नुसती आतून पट्टी मारून भागत नाही. ३ मिमीची अखंड प्लेट लागते, जी स्टेपनीच्या बोल्टपासून थेट दोन्ही बिजागऱ्यांच्या बोल्टपर्यंत जाते, म्हणजे पत्रा मधून बाजूला होतो. हे काम चांगलं होतं आणि गाडी बाहेरून बदलत नाही. पण पलीकडे बॉडीचा खांब पत्र्याचाच असतो. ३०-३२ किलोपर्यंत मी हा मार्ग सांगतो. ३९ ला सांगणार नाही.

सह्यवेडी

फिटरदादांचं पटलं. पण मला वाटतं पहिला प्रश्न वेगळा आहे: एवढा टायर हवाच का?

माझी जिमनी आहे. मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिमी. मी फक्त २१५/७५ आर १५ वर गेले, म्हणजे ७०३ मिमीच्या आसपास. उंचीत एक सेंटिमीटर, पण पकड बरीच बदलली. रिम कंपनीचेच. स्टेपनी मूळ जागी बसते, दार कुरकुरत नाही. वाघेरा घाट, वैतरणेचा चिखल, साल्हेरवाडीपर्यंतचा रस्ता, कुठेही अडले नाही. ज्यांच्या बॉनेटखाली ताकद आहे त्यांनी मोठा टायर घ्यावा, माझी ना नाही. पण स्टेपनी ही रस्त्यावर एकटीने काढायची वस्तू आहे, हे टायर निवडतानाच डोक्यात हवं.

मागच्या ऑगस्टमध्ये हरसूलच्या अलीकडे टायरची बाजू फाटली. आपल्याकडचा काळा खडक फुटतो तो धारदार फुटतो, आणि बाजू चिरली की पंक्चरची वात लावून काही होत नाही. पाऊस धो धो, रेंज नाही, बरोबर आई. चाक काढताना मी ते हाताने उचललंच नाही. बोल्ट सैल केले, मांडी चाकाखाली दिली, चाक मांडीवरून पायावर, पायावरून जमिनीवर. लावताना पाना चाकाखाली आडवा सरकवून पायाने दाबला की चाक तीन-चार इंच उचललं जातं, तेवढ्यात भोकं जुळतात. जिमनीचं चाक हलकं म्हणून जमलं. ३९ किलोचं मला जमलं नसतं. तुमच्या घरी वहिनी गाडी चालवतात असं लिहिलंय. कॅरिअर ठरवण्याआधी त्यांना एकदा ते चाक जमिनीवरून उचलून बघू द्या.

गोदाकाठ

ताई, काल करून बघितलं. बायकोने जमिनीवरून गुडघ्यापर्यंत उचललं, त्यापुढे नाही. वडिलांना मी हातच लावू दिला नाही.

टायर मोठा का, त्याचं उत्तर मळ्याकडची वाट. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. टायरचा व्यास ७८९ वरून ८३१ मिमी झाल्यावर पोट २१ मिमीने उचललं गेलं आणि घासणं थांबलं. टायर ठेवणार आहे. पण लोखंडी रिमचा हट्ट सोडता येईल.

जुनी जीप

माझ्याकडे सीजे-३बी जीप होती. तिची स्टेपनी बाजूला, बॉडीच्या कुशीला. त्यात शहाणपण होतं: वजन दोन आसांच्या मध्ये, मागे लोंबत नाही, मागचा फाळका मोकळा. आजच्या गाड्यांना तिथे दार आणि काच असते, त्यामुळे ती सोय गेली.

स्टेपनी हा शब्द आपण घरचाच असल्यासारखा वापरतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. तेव्हाच्या गाड्यांना जादा चाकच नसायचं, पंक्चर रस्त्यात बसून काढायचं. त्यांचं चाक आऱ्यांशिवायचं होतं, पंक्चर झालेल्या चाकालाच ते चापांनी अडकवायचे. गाव लांब राहिलं, पण नाशिकच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर शब्द टिकून आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

गोदाकाठ, मागे बसवणार असशील तर एक लक्षात ठेव. मागच्या आसाच्या पाठीमागे ठेवलेला प्रत्येक किलो पुढची चाकं हलकी करतो. स्विंग-आउटचा सांगाडा, बंपर आणि चाक धरून ७०-८० किलो सहज होतात. घाटात चढणीवर स्टिअरिंग हलकं लागलं तर घाबरू नकोस, पण मागची स्प्रिंग किती बसली ते मोजून घे.

द्राक्षमळा

मी तयार स्विंग-आउट आणून बसवला होता. कुठून ते लिहीत नाही. दिसायला देखणा, पावडर कोटिंग आरशासारखं. घ्यायच्या वेळी मी रंग बघितला, लॅच बघितलं नाही.

लॅच म्हणजे एकच टॉगल क्लॅम्प, दांडा दाबला की आवळून धरणारा चाप. त्याला दुसरा आधार नव्हता. तीन महिन्यांनी पेठ रोडला सावळघाट उतरताना एका खड्ड्यात क्लॅम्प उसळला. पुढच्या डाव्या वळणावर कॅरिअर चाकासकट उजवीकडे उघडला आणि समोरून येणाऱ्या पिकअपच्या आरशापासून हातभर अंतरावरून गेला. त्या पिकअपमध्ये मागे शेतमजूर बाया बसलेल्या होत्या. मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं स्टिअरिंगवरून हात उचलता येईना. कुणाला लागलं नाही. पण ते तोंडावर हात घेतलेले चेहरे मला अजून दिसतात.

कॅरिअर घ्या, पण लॅच दोन हवेत. एक दाबून धरणारं आणि दुसरं आडवी पिन, जी पहिलं सुटलं तरी हात उघडू देणार नाही. आणि कॅरिअर नीट लागला नसेल तर चालकाला कळलं पाहिजे. मी आता दाराच्या स्विचसारखा एक स्विच लावून डॅशबोर्डवर लाल दिवा काढलाय.

अंबड फिटर

द्राक्षमळा भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. लॅचबद्दल अजून एक. बरेच जण लॅचवरच वजन टाकतात, ते चूक. बंद करताना हाताचं मोकळं टोक बंपरवर वेल्ड केलेल्या उतरत्या पाचरीवर चढून बसलं पाहिजे. शेवटच्या बोटभर अंतरात हात किंचित उचलला जातो आणि वजन पाचर घेते. मग लॅचचं काम फक्त ओढून धरायचं. पाचर नसेल तर धावत्या गाडीत सगळा भार स्पिंडल, म्हणजे हात ज्या उभ्या पिनेवर फिरतो ती, एकटं घेतं.

आता स्पिंडल. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. बंपरच्या वरच्या पत्र्यावर पिन उभी करून गोल वेल्ड मारतात. बाहेरून भक्कम वाटतं, पण तो पत्रा डब्याच्या झाकणासारखा वर-खाली होतो आणि वेल्डच्या कडेने फाटतो. पिन बंपरच्या वरच्या पत्र्यातून खालच्या पत्र्यापर्यंत आरपार गेली पाहिजे आणि दोन्हीकडे वेल्ड हवं. त्या जागी आतून ६ मिमीच्या त्रिकोणी पट्ट्या. पिन लेथवर कातलेली, ईएन ८ पोलादाची. बुशपेक्षा, म्हणजे साध्या नळीपेक्षा, बेअरिंग बरं. मी दोन टेपर रोलर वापरतो, ३०२०६, म्हणजे ३० मिमी आतला व्यास, बाहेरचा ६२. अगदी ट्रॉलीच्या हबसारखी रचना, एक वर एक खाली, मध्ये ग्रीस, वर टोपी, खाली सील. नट एवढा आवळायचा की हात वर-खाली हलायला नको, पण बोटाने ढकलला तर फिरावा. बुश लावला तर तो आपल्या चिखलाने वर्षभरात ढिला होतो आणि मग टोक खाली येऊन पाचरीवर चढेनासं होतं.

कॅरिअर उघडा राहायलाही सोय हवी. उतारावर गाडी उभी असताना ५० किलोचा हात आपोआप मिटला तर मध्ये कुणाचा तरी हात किंवा डोकं असतं. उघडल्यावर आपोआप पडणारी पिन पुरे, गॅस स्ट्रटच पाहिजे असं नाही.

बिजागरी उजव्या बाजूला ठेवा. म्हणजे उघडताना माणूस डाव्या, फुटपाथच्या बाजूला उभा राहतो.

एमएच पंधरा

तांत्रिक बाजू झाली, कागदाची राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे चेसिस कापणं, भोकं पाडणं, लांबी वाढवणं याच्या वाटेला जाऊ नका. काहीही करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाल्यावर कळवून उपयोग नसतो.

नंबरप्लेट झाकली जाऊ नये आणि रात्री तिच्यावर दिवा हवा. मोठी स्टेपनी ब्रेक लाइट झाकत नाही ना, हे दहा पावलं मागे जाऊन बघा, शक्यतो कारमध्ये बसून, कारण मागच्या चालकाचे डोळे त्या उंचीवर असतात.

जुलै २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. पण सह्यवेडी ताईंनी लिहिलं तसा टायर बाजूने फाटला तर किट घेऊन काय करणार? रानात जाणाऱ्याने ही सवलत विसरून जावी.

सह्यवेडी

दार दिवसातून सहा वेळा उघडतं म्हणालात ना? स्विंग-आउटमध्ये प्रत्येक वेळी आधी कॅरिअर, मग दार. हातात भाजीच्या पिशव्या असताना हे नको होतं. लॅचचा दांडा एका हाताने सुटतो का, हे घेण्याआधी वहिनींकडूनच तपासून घ्या.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळं सविस्तर सांगतो.

आधी वजन कमी केलं. लोखंडी रिम विकून अलॉय घेतले, पाचही. चाक ३९ वरून ३५ वर आलं. चार किलो ऐकायला थोडे वाटतात, बायकोने उचलताच तिला फरक कळला.

मग कॅरिअर. बागलाणकर आणि फिटरदादांचं ऐकून छत आणि दार दोन्ही सोडले. चेसिसच्या मूळ भोकांतच १०.९ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टने बसणारा बंपर करून घेतला, कुठेही कापाकापी नाही. चार तासांत सगळं काढून जुना बंपर परत बसवता येतो. जुना बंपर माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. कार्यालयात आधी विचारून आलो, विमा कंपनीला फोटोसकट मेल टाकली.

वेल्डिंग चालू असताना मी दोन दिवस अंबडला तिथेच बसून होतो. पिन बंपरच्या आरपार जाताना डोळ्यांनी बघितली. पाचर दोनदा घासली, तेव्हा टोक बरोबर चढायला लागलं. लॅच दोन आहेत: दाबाचा दांडा आणि साखळीने बांधलेली आडवी पिन. लाल दिवा द्राक्षमळा भाऊंच्या सांगण्यावरून. नंबरप्लेट डावीकडे आणून तिला स्वतःचा दिवा. चाकाची उंची दारावर होती त्यापेक्षा १२ सेंटिमीटर खाली घेतली. फिटर म्हणत होता वर छान दिसेल, मी उचलण्याचा विचार करून नको म्हटलं. मागे नदीनाल्यात उतरताना टेकेल का, म्हणून फळी लावून कोन बघितला: चाकाची खालची कड बंपरच्या रेषेच्या वरच राहते. खर्च साडेसव्वीस हजार, रिम वेगळे.

दाराचं काम निराळं झालं. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, वेल्ड केलं, आतून पट्टी, वरून रंग. दार आता एका बोटाने लागतं. वडील दोन दिवस उगाच उघडझाप करत होते.

मागची स्प्रिंग मोजली. १८ मिमी बसली. जुनी जीप काकांनी सांगितलं नसतं तर मोजलीच नसती. सध्या तशीच चालवतोय.

पहिली खेप वाघेरा घाटातून हरसूल आणि परत. जाताना मागून टिक-टिक आवाज. उतरून हात लावला तर चाक गरम नाही, बोल्ट घट्ट. आडवं होऊन बघितल्यावर सापडलं: चाकाला मागून टेकू देणारे दोन रबर आहेत, त्यातला डावा टायरला टेकतच नव्हता, कागद सरकेल एवढी फट. तो दोन आटे बाहेर काढला, टायर दाबून बसला, आवाज बंद. त्या रबरांना तेवढ्यासाठीच आटे ठेवायला सांगा, फिक्स वेल्ड करू देऊ नका.

परत येताना कश्यपी धरणाच्या काठी बायकोने ताईंच्या पद्धतीने, मांडी आणि पाना वापरून चाक एकटीने उतरवलं आणि परत चढवलं. मी फक्त घड्याळ धरून उभा होतो. १४ मिनिटं लागली. कॅरिअरचा दांडा मात्र तिला एका हाताने सुटत नाही, थोडा जड आहे. तो लांब करून घ्यायचाय.

बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीय, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. ६०० किलोमीटर झाले, सगळ्या रेघा जुळलेल्या आहेत.

अंबड फिटर

दांडा दोन इंच वाढवा, जास्त नको, नाहीतर वळणावर गवतात अडकतो. आणि १००० किलोमीटरला हबचा नट एकदा बघा. नवी बेअरिंग बसतात, थोडा ढिला होईलच. टोपी काढून पाव आटा आवळायचा, मग हात फिरवून बघायचा. शनिवारी आलात तर दहा मिनिटांचं काम आहे.

सह्यवेडी

वहिनींना सांगा, पुढच्या वैतरणेच्या फेरीला त्यांनी गाडी चालवायची. पुढे त्या, मागे मी.